धोंडबाचा एक

यंत्रांची देखभाल करणारा श्रीधर टेप मशीनमागे कोसळला तेव्हा त्याच्या खिशात यंत्रसूचीचा ताजा छापील कागद होता. त्यावर लिहिलं होतं: टेप मशीन, स्विच नंबर 9.

नऊचा स्विच बंदच होता. त्यानं स्वतः बंद केला होता. मग मशीनची पाठ उघडली, उजवा हात आत घातला, आणि तो भिंतीवर जाऊन आदळला.

टेप मशीनची लाइन एक नंबरवरून येत होती.

हे झालं गुरुवारी. शुक्रवारी सकाळी कुहीकरसाहेबांनी चारुशीलाला केबिनमध्ये बोलावलं. १९८५ चा मे महिना. खिडकीतला कूलर घरघरत होता, तरी साहेबांची कॉलर ओली होती.

"बाई, ही यादी संगणकात कोणी भरली?"

"मी, साहेब."

"बाहेरच्या कंपनीची?"

"हो. नवी वायरिंग त्यांनी केली. कोणत्या मशीनची लाइन कोणत्या स्विचवर, हे फक्त त्यांनाच ठाऊक. ते आपल्या यंत्रसूचीत जोडायचं होतं."

साहेबांनी एक पिवळट कागद पुढे सरकवला. निळी शाई, मराठी आकडे. तिसऱ्या ओळीत: टेप मशीन – १.

खुर्चीमागे गोपाळराव उभे होते. संगणक येण्याआधी सगळ्या यंत्रांची कार्डं तेच लिहायचे. आता सूचीला मंजुरी द्यायचे.

"हा बघा साहेब मराठी एक," ते हळुवार आवाजात म्हणाले. "घाईत पाहिला तर इंग्रजी 9 दिसतो की नाही? बाई दिवसभर इंग्रजी आकडे बडवतात. त्यात घरी सहा महिन्यांचं लेकरू, रात्रभर जागरण. मी दोष देत नाही हो. आईमाणूस आहे, व्हायचंच."

चारुशीलानं कागद उचलला. बराच वेळ पाहिला. एकाची शेपटी कित्त्यातल्यासारखी सुरेख वळवली होती.

"हे धोंडबांचं अक्षर?"

"मग कोणाचं? कंपनीचा वायरमन तोच ना? व्हरांड्यातल्या बाकावर बसून माझ्यासमोर लिहिलं त्यानं. पेनसुद्धा माझं होतं."

"तुमच्यासमोर?"

"किती वेळा सांगू?"

तिनं कागद खाली ठेवला. 

"पाच वाजता हवालदार येतो," साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले. "निष्काळजीपणा म्हणून तुमचं नाव द्यावं लागेल."

"पाचला ना, साहेब? मग अजून वेळ आहे."

ती बाहेर आली. पोलिसांत नाव गेलं की नोकरी गेली, आणि सासरी जन्मभर ऐकून घ्यायचं. रडू यायला हवं होतं. आला तो संताप. आईमाणूस म्हणे!

व्हरांड्यात धोंडबा बाकावर टेकला होता. साठीचा माणूस, अंगात खाकी सदरा. तिला बघताच उठला.

"बाई, श्रीधरसाहेब कसे हायेत?"

"जीव वाचला. हाताचं डॉक्टर काही सांगत नाहीत."

"देवा!" त्यानं खिशातून पत्र काढलं. "पोरीचं आलं गावावरून. वाचून द्या ना जरा. चष्मा घरीच राह्यला."

चष्म्याची काडी त्याच्या खिशातून डोकावत होती. चारुशीलानं तिकडे न बघता पत्र वाचून दाखवलं. धान बरं झालं, म्हैस व्याली, बाबा तब्येत जपा.

"धोंडबा, टेप मशीनचा स्विच तुम्ही कोणता सांगितला होता?"

"एक. म्या सोता वायर टाकली, बाई. बोर्डावरचा पह्यला. काहून?"

"त्या दिवशी गोपाळराव इथं बसले होते तुमच्याजवळ?"

"ते? बावाजी, ते माह्याकडं पाहत बी नाहीत."

मग ती गोपाळरावांच्या खोलीत गेली. भिंतीभर लाकडी कपाट, कप्पे सगळे रिकामे. मार्चमध्ये श्रीधरनं त्यातली बावीस वर्षांची कार्डं ऑफिससमोर रद्दीवाल्याच्या तराजूत घातली होती. वर हसून म्हणाला होता, "गोपाळराव, तुमची अर्धी नोकरी चाळीस किलो भरली!" सगळे हसले होते. चारुशीलाही हसली होती.

"मी भरलेली यादी मुख्य सूचीत कोण घालतं हो?" तिनं विचारलं.

"मंजुरी माझी. बुधवारी दिली."

"मंजुरी देताना आकडा बदलता येतो?"

"येतो. पण मी कशाला बदलू? मी फक्त सही करतो, बाई."

"आणि गुरुवारी श्रीधर टेप मशीन उघडतो, हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"ऑफिसातल्या कुत्र्यालासुद्धा. दर गुरुवारी उघडतो." त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशातून जुन्या कार्डासारख्या जाड कागदाचा एक कोपरा वर आला होता. तो त्यांनी अंगठ्यानं आत दाबला.

"उजवा हात गेला तर श्रीधर काय करेल?"

"डाव्यानं लिहायला शिकेल," गोपाळराव शांतपणे म्हणाले. "शिकतात माणसं. मी नाही या वयात संगणक शिकलो?"

दीड वाजता ती ऑफिसमागच्या चाळीत गेली. तिथं यमुताई तिचं बाळ सांभाळायच्या. बाळ संगणकाच्या रद्दी कागदांवर पालथं पडून पाय मारत होतं.

"काहून वं, तोंड असं उतरलं?"

"काही नाही, यमुताई. दूध प्यायला का हा?"

"प्यायला बी अन् लगेच ओला बी केला. तुह्या हापिसाचा कागद लय कामाचा हाय पण. धुवा लागत नाही, फेकला की झालं."

चारुशीलानं बाळाला उचललं आणि खाली नजर गेली. जुळलेल्या लांब कागदावर आकड्यांच्या ओळी होत्या.

"ही रद्दी कोणत्या दिवशीची?"

"तूच त आणली ना मंगळवारी! आता मलेच इचारून राह्यली."

तिनं बाळ यमुताईंच्या हातात दिलं आणि गुडघ्यांवर बसून एकेक पान उलटू लागली. चौथ्या पानावर ती थांबली.

परत आल्यावर ती धोंडबाशी बाकावर दहा मिनिटं बोलली. तो आधी नुसती मान हलवत राहिला.

"साऱ्यायच्या समोर सांगा लागन, बाई?"

"नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही."

धोंडबानं खिशातला चष्मा चाचपला. मग उठला.

पाच वाजता केबिनमध्ये हवालदार, साहेब, गोपाळराव आणि चारुशीला होते. धोंडबा दाराशी उभा होता.

"हवालदार," चारुशीला म्हणाली, "माझं नाव लिहा. पण त्याआधी गोपाळरावांचं म्हणणं लिहून घ्या. हा कागद धोंडबांनी कुठे लिहिला?"

गोपाळरावांनी सगळं पुन्हा सांगितलं. बाक, कागद, आपलं पेन. हवालदारानं लिहिलं. गोपाळरावांनी खाली सही ठोकली.

"आता धोंडबांना पेन द्या. 'टेप मशीन' एवढंच लिहू द्या."

धोंडबानं पेन हातात घेतलं नाही.

"साहेब," तो म्हणाला, "मले लिहिता येत नाही. वाचता बी येत नाही. चष्मा मी उगाच खिशात ठेवतो. बाईले माहीत हाय, पण त्यायनं आजवर कोणाले सांगितलं नाही."



"धोंडबांनी कधीच काही लिहिलं नाही," चारुशीला म्हणाली. "ते बोलले आणि मी लिहिलं, इंग्रजी आकड्यांत. तोंडी सांगितलेला 'एक' कोणालाही 'नऊ' ऐकू येत नाही. फायलीत माझ्या अक्षरातला कागद होता, तो आता गायब आहे. गोपाळरावांना वाटलं, ती मी केलेली नक्कल. मूळ कागद धोंडबांचा असणार आणि हरवला असणार. म्हणून त्यांनी तो 'मूळ' कागद बनवला. मराठी एक घातला, म्हणजे चूक माझ्या डोळ्यांची ठरेल."

"आणि संगणकातला 9?" साहेबांनी विचारलं.

तिनं पिशवीतून कागद काढला. त्याला बाळाचा वास येत होता. साहेबांनी नाक आवळलं, पण वाचलं.

"हा मंगळवारचा तपासणीचा कागद. तारीख मशीननंच छापली आहे. टेप मशीन, स्विच 1. मी भरला तो एक. बुधवारी मंजुरी झाली. गुरुवारी तिथं नऊ होता. मधल्या वेळात सूचीला हात लावण्याचा अधिकार एकाच माणसाला."

"पोरकटपणा आहे हा!" गोपाळराव म्हणाले. "हे माझं अक्षर आहे, असं कोण म्हणतं?"

"तुमच्या खिशातलं कार्ड म्हणतं."

हवालदारानं हात पुढे केला. गोपाळराव मागे सरले, पण मागे भिंत होती. कार्ड बाहेर आलं. कडा मऊ झालेल्या, निळी शाई. टेप मशीन, क्रमांक १. साहेबांनी ते पिवळट कागदाशेजारी ठेवलं. दोन्ही एकांची शेपटी सारखीच, कित्त्यातल्यासारखी वळलेली.

गोपाळराव खुर्चीवर बसले. कोणी बसा म्हटलं नव्हतं.

"बावीस वर्षं," ते म्हणाले. "एका कार्डावर खाडाखोड नव्हती. त्यानं तराजूत टाकली. सगळे हसले. तुम्हीही हसलात, बाई."

"हसले. चुकलं माझं."

"मी तुमचं वाईट करणार नव्हतो. साहेबांनी सांभाळून घेतलं असतं. लेकराची आई म्हणून सोडून दिलं असतं."

"श्रीधरचा हात तुम्ही सूड म्हणून जाळलात, गोपाळराव. ते मला समजतं. माझं नाव मात्र सोयीचं म्हणून घेतलंत. लेकराच्या आईनं चूक केली म्हटलं की कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. ते मी विसरणार नाही."

हवालदारानं त्यांना उठवलं. दाराशी ते थांबले, टेबलाकडे वळून बघितलं.

"तेवढं एकच राहिलं होतं. परत मिळेल ना ते कार्ड?"

चारुशीलानं कार्ड उचललं, दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि हवालदाराच्या हातात दिलं.

"नीट ठेवा हं," ती म्हणाली. "किलोनं जायला नको."