हिरवा माणूस उलटा धावतो

“बाण डावीकडे! पळा!” टाचणी ओरडली आणि तिघंही डावीकडच्या बोळातून धूम पळत सुटली.

खेळ प्रश्नोबाने काढला होता. नव्या विज्ञान-संग्रहालयाच्या तळघरात, तारांगणाच्या दारासमोर, भिंतीवर इमारतीचा नकाशा लावला होता. तो एकदाच बघायचा आणि बाण दाखवतील तसं पळत बाहेर पडायचं. आधी बाहेर पडेल तो राजा! उद्या सकाळी दहाला उद्घाटन होतं, त्यामुळे आज दुपारी सगळं तळघर मोकळं होतं. नकाशा काढणारा टाचणीचा मामा वरच्या मजल्यावर शिडीवर चढून फलक लावत होता. जाताना तो “लुडबूड करू नका” एवढंच म्हणाला होता. पळू नका असं काही म्हणाला नव्हता!

सगळ्यांत पुढे पेन्सिल होती. उंच आणि सडपातळ, म्हणून पेन्सिल. तिच्यामागे तिची मावसबहीण टाचणी, अंगाने एवढीशी पण बोलायला टोचणारी. आणि सगळ्यांत मागे धापा टाकणारा शेजारचा प्रश्नोबा. त्याचं हे नाव का पडलं ते तुम्हाला कळेलच.

पेन्सिलने बोळाच्या टोकाचं दार ढकललं. आत पाण्याचा पंप घरघरत होता. कोपऱ्यात रंगाचे डबे, दोन झाडू आणि ओल्या फरशीचा कुबट वास.

“हे बाहेर आहे?” प्रश्नोबा म्हणाला. “बाहेर असं असतं का? आकाश कुठंय?”

“दार सोडू नकोस!” टाचणी किंचाळली.

पेन्सिलने मिटत आलेल्या दारात चपळाईने पाय घातला. दार आपोआप मिटणारं होतं आणि आतल्या बाजूला ओढायला कडीच नव्हती! कडीच्या जागी नुसती दोन भोकं होती.

तिघं उलट फिरली. तारांगणावरून पुढे, उजवीकडच्या बोळात गेली. तो बोळ अगदी पहिल्यासारखाच होता. टोकाचं दार ढकललं, तर समोर उतारावरची हिरवळ आणि लख्ख ऊन!

“म्हणजे नकाशा चुकलाय,” टाचणी म्हणाली. “मामाला चिडवायला वर्षभर पुरेल!”

“पण समजा,” प्रश्नोबा हळूच म्हणाला, “उद्या तारांगणाचा खेळ चालू असताना दिवे गेले तर?”

तळघरात एकही खिडकी नव्हती. उद्याचा पहिला खेळ पहिलीच्या साठ मुलांसाठी होता, आणि त्या साठांत पेन्सिलचा सहा वर्षांचा भाऊ बारक्याही होता. बारक्याला अजून जोडाक्षरं वाचता येत नव्हती. तो बाण बघूनच चालणार.

पेन्सिल परत जाऊन नकाशासमोर उभी राहिली. अंधारात चमकणारा कागद, भोवती चांदण्यांची नक्षी आणि मधे बाहेरचा रस्ता दाखवणारा धावता हिरवा माणूस. तो डावीकडे धावत होता. तो उजवीकडे धावायला हवा होता! मामाने तो तिच्यासमोर काढला होता. तेव्हा तो उजवीकडेच धावत होता.

“मी... मी जरा पाणी पिऊन येते,” ती म्हणाली आणि जिन्याकडे पळाली.

या सुट्टीत मामा तिघांना आपल्या स्टुडिओत संगणकावर चित्रं करायला शिकवत होता. आधी रेघ आणि आकार, मग रंग, मग मोकळी जागा. “मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, तिथे डोळा दम खातो,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग लेअर. “एकावर एक ठेवलेल्या काचा समजा. एका काचेवर भिंती, दुसरीवर नावं, तिसरीवर बाण. एक हलवली तरी बाकीच्या जागच्या जागी.” आणि गेल्या आठवड्यात त्याने एक युक्ती सांगितली होती. “बघून बघून डोळा सरावतो. चित्र आडवं उलटवून बघा, तोल बिघडला असेल तर लगेच दिसेल.”

संग्रहालयाचं काम हे मामाचं पहिलं मोठं काम होतं. ते मिळालं त्या दिवशी तो स्टुडिओत एकटाच नाचला होता. (टाचणीने दाराच्या फटीतून बघितलं होतं.)

मामाचा लॅपटॉप वर तिकीट-खिडकीच्या टेबलावर होता. पेन्सिलने नकाशाची फाइल उघडली. बाणांचा लेअर निवडला आणि तो आडवा उलटवला. झर्रकन सगळे बाण उजवीकडे वळले. हिरवा माणूसही! भिंतींचं काहीच बिघडलं नाही, कारण इमारतीच्या दोन्ही बाजू सारख्या. नावं वेगळ्या लेअरवर, तीही सरळच. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तिने फाइल शेवटची कधी बदलली ते पाहिलं. मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

मंगळवारी चारला मामा फोनवर बोलायला बाहेर गेला होता. पडद्यावर हा नकाशा उघडा होता. तोल कसा दिसतो ते बघू या, म्हणून तिने तो उलटवला होता. तेवढ्यात मामाची पावलं वाजली. तिने घाईघाईने खिडकी बंद केली. संगणकाने काहीतरी विचारलं, आणि तिने न वाचताच ‘हो’ दाबलं.

सगळी फाइल उलटली असं तिला वाटलं होतं. उलटला होता फक्त वरचा लेअर, कारण तेवढाच निवडलेला होता. आणि तो सेव्ह झाला होता!

आता मामाला सांगावं? तो पुन्हा कधी संगणकाला हात लावू देईल का? त्याचं काम गेलं तर? मी केलं असं न सांगताही नकाशा बदलून घेता येईल, असं तिने स्वतःला समजावलं आणि लॅपटॉप मिटला. पण तिला मुळीच बरं वाटेना.

व्यवस्थापककाका बाहेरच्या ओसरीत फुलांच्या कुंड्या मोजत होते. टाचणी आणि प्रश्नोबा आधीच तिथे पोचले होते.

“नकाशा चुकलाय म्हणे!” काका कपाळ पुसत म्हणाले. “अरे, तज्ज्ञ माणसाने केलाय तो. माझ्यासकट पाच जणांनी सह्या केल्यात.”

“सही करण्याआधी चालून बघितलंत?” प्रश्नोबाने विचारलं.

“चालून कशाला? नकाशा बघायचा असतो!”

“मग बघून बाहेर येता येईल?”

“अर्थात!”

“दिवे घालवून?”

“डोळे मिटूनसुद्धा येईन!”

टाचणीने डोळे बारीक केले. “काका, आमच्या भित्तिपत्रकासाठी बातमी हवीच होती. ‘व्यवस्थापक अर्ध्या मिनिटात बाहेर!’ असा मथळा देऊ या का? मी वेळ मोजते.”

हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की मोठी माणसं उतरायचं विसरतात. काका तरातरा तळघरात गेले. दिवे मालवले. अंधारात नकाशा हिरवा चमकू लागला.

“एक, दोन, तीन, पळा!”

काका डावीकडे निघाले.

“काका, तिकडच्या दाराला आतून कडी नाहीये! दार धरून ठेवा!” पेन्सिल कळवळून ओरडली.

“मला शिकवू नकोस!” अंधारातून आवाज आला. मग धाडकन दार मिटलं, आणि पाठोपाठ रंगाचा डबा घरंगळल्याचा आवाज आला.

प्रश्नोबा दाराशी गेला. “काका, बाहेर पोचलात का?”

“अरे, उघडा! इथे... इथे पाणी आहे!”

पेन्सिलने धावत जाऊन दार उघडलं. त्याच क्षणी बोळातले दिवे लागले. जिन्यावर संचालकबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतलेला मामा. काकांचा एक बूट पांढराशुभ्र झाला होता.

“हा काय प्रकार आहे?” संचालकबाई म्हणाल्या. त्या हळू बोलत, म्हणून जास्त भीती वाटे.

टाचणीने एका दमात सगळं सांगितलं. काकांनी बूट झटकत मामाकडे बोट केलं. “यांचा नकाशा! मी फक्त सही केली!”

मामा नकाशापाशी गेला. बाणांवरून त्याने बोट फिरवलं. त्याचा चेहरा उतरला. “उलटा आहे,” तो म्हणाला. “कसा झाला कळत नाही. पण फाइल माझी आहे. चूक माझीच असणार, बाई.”

पेन्सिलला ते ऐकवेना. गप्प राहिलं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मामाचा असा पडलेला चेहरा तिने कधी पाहिला नव्हता.

“चूक मी केली,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “मंगळवारी. मामा फोनवर होता. मी बाण उलटवले आणि न वाचता ‘हो’ दाबलं. मगाशीच मला कळलं होतं, पण मी बोलले नाही. मला भीती वाटली.”

पेन्सिलच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

“किती वेळात दुरुस्त होईल?” संचालकबाईंनी मामाला विचारलं.

“उलटवायला एक क्षण. छापायला तासभर. पण...” मामाने डोकं खाजवलं. “तळघरात असे नकाशे सहा आहेत, सगळे याच फाइलमधले, आणि चमकणारा कागद तीनच नकाशांपुरता उरलाय. नवा यायला दोन दिवस लागतात.”

“अर्ध्या आकाराचे छापा,” काका म्हणाले.

“बाण मुंगीएवढे होतील!” टाचणी फिस्कारली.

पेन्सिलने नाक पुसलं. “मामा, चांदण्या काढल्या तर? नक्षीने केवढी जागा खाल्लीय! चांदण्या काढायच्या, नावं लहान करायची. सगळ्यांत आधी काय दिसायला हवं? बाण आणि माणूस. मग कागद अर्धा असला तरी ते आहेत तेवढेच राहतील. उलट जरा मोठेही करता येतील.”

ती नक्षी मामाने तीन दिवस खपून काढली होती.

“चांदण्या आत तारांगणात आहेतच की,” प्रश्नोबा म्हणाला. या वेळी त्याने चक्क प्रश्न विचारला नाही.

“चल,” मामा पेन्सिलला म्हणाला. “तू बस संगणकावर. मी शेजारी बसतो.”

“मी?”

“हो, तू. आधी फाइलची प्रत काढ. ते मी तुम्हाला पहिल्याच दिवशी शिकवायला हवं होतं.”

साडेपाचला सहाही नवे नकाशे भिंतीवर होते. काकांनी स्वतः पंपाच्या दाराला कुलूप घातलं आणि आतून कडी बसवायला सुतार बोलावला.

“आता चालून बघायचं,” संचालकबाई म्हणाल्या. “पण आपल्यापैकी कुणी नाही. आपल्याला रस्ता माहीत आहे.”

सगळ्यांनी पेन्सिलकडे पाहिलं. ती काय ते समजली. घर दोन गल्ल्यांवर होतं. आई बारक्याला घेऊन आली तेव्हा त्याच्या पायात उलटसुलट चपला होत्या.

दिवे मालवले. तारांगणाच्या दाराशी बारक्याला उभं केलं. संचालकबाई आवाज न करता त्याच्यामागून येणार होत्या. पेन्सिल बाहेर हिरवळीवर, दारासमोर उभी राहिली. तिने आकडे मोजायला सुरुवात केली. दहा. पंधरा. दार हललं नाही. वीस. तो घाबरला असेल का? बाण दिसत नसेल? पंचवीस. तिने फ्रॉकचा घेर मुठीत घट्ट धरला. चौतीस. पस्तीस.

दार उघडलं. बारक्या उन्हात डोळे चोळत बाहेर आला.

“ताई, तू रडतेस का?” त्याने विचारलं. “मी तर त्या हिरव्या माणसाच्या मागे मागे आलो. सोप्पं होतं!”

पेन्सिलने त्याला उचलून इतकं घट्ट धरलं की तो हातपाय झाडायला लागला.

मागून संचालकबाई आल्या, मग मामा, मग एक पांढरा आणि एक काळा बूट घातलेले काका.

“पाच मोठ्या माणसांनी या नकाशावर सह्या केल्या,” संचालकबाई म्हणाल्या. “पाचांतली एक मी. आमच्यापैकी एकानेही चालून पाहिलं नाही, तुम्ही तिघांनी पाहिलं. शाबास! आणि तू, मुली, चूक कबूल केलीस, तेही आळ दुसऱ्यावर गेलेला असताना. ते मला त्या नकाशाहून मोठं वाटतं.”

मामाने पेन्सिलच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला.

“अजून पाच नकाशे चालून बघायचे राहिलेत,” संचालकबाई म्हणाल्या. “व्यवस्थापकसाहेब, सह्या केलेल्या सगळ्यांना खाली बोलवा. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांनी या बाळाच्या मागून ओळीने चालायचं.”

“हात धरून?” प्रश्नोबाने विचारलं.

“हात धरून!”

बारक्या ऐटीत पुढे झाला. त्याच्यामागे पाच मोठी माणसं एकमेकांचे हात धरून ओळीने उभी राहिली, आणि दिवे पुन्हा एकदा मालवले गेले.