वरच्या पलंगाची काच

रात्रीचे अकरा. मोंटानात, बिटररूट खोऱ्यातल्या हमरस्त्यालगत ब्रेंटचं ट्रेलरविक्रीचं आवार. थंडी उणे वीस. एका ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागं ओढायच्या चाकांवरच्या घरात, एकटा माणूस, माझा शेजारी ऑरिन ट्वेट. हसू नका पोरांनो. खोटं बोलण्यातला नाही तो.

गेल्या शिकारीच्या मोसमात रानात त्याच्या ट्रेलरचे पाण्याचे पाइप गोठून फुटले आणि बायकोला, मार्लिसला, न्यूमोनिया झाला. "पुन्हा तसला फ्रीजर आणलास, तर त्यात एकटाच झोप," तिनं बजावलं. लग्नापासून दोघं एल्क हरणाच्या शिकारीला जोडीनं जातात. म्हणून ऑरिन आवारं पालथी घालत होता. जिथं जावं तिथं ट्रेलरवर 'बारमाही' अशी ऐटबाज पट्टी. वाकून पाहावं तर पाइप उघडे! चाकं इतकी बुटकी, की पहिल्याच दगडावर पोट फाटावं. राजरोस फसवणूक, आणि लाज कुणालाच नाही.

शेवटी ब्रेंटकडे एक जुना सापडला. उंच चाकं, झाकलेला तळ, दुहेरी काचा.

"एवढा चांगला, मग पडून का?"

"लोकांना रंग आवडत नाही, काका."

"थापा कुणाला मारतोस रे? आधी एक रात्र झोपून बघतो. मग बोलू."

आमच्याकडे जाणती माणसं असंच करतात.

हीटर छान चालला. ऑरिन खालच्या पलंगावर पडला. डोळा लागणार, तोच कुणाचा तरी श्वास ऐकू आला. आपलाच असेल, म्हणून त्यानं श्वास रोखला...

तो चालूच राहिला.

वरच्या पलंगावरून.

"कोण आहे?"

श्वास थांबला.

मग... पुन्हा. हळू.

ऑरिन हलला नाही. उजाडेपर्यंत.

सकाळी त्याच्या उशाजवळच्या खिडकीची काच जेमतेम पांढरी झाली होती. वरच्या पलंगाच्या काचेवर बोटभर बर्फ. आतून.

"तुमचाच श्वास गोठलाय, काका," ब्रेंट म्हणाला.

"मी खाली होतो, गाढवा!"

ट्रेलर घेतला नाही. यंदा मार्लिस घरी राहिली. ऑरिन एकटाच रानात गेला.

मी ब्रेंटला फोन केला. आधी यात कोण झोपायचं? त्यानं फोन ठेवला.

काल स्वतः गेलो. दाराला कुलूप. हीटरच्या गॅसची टाकी काढलेली. वरच्या काचेवर बर्फ तसाच. मधोमध नाण्याएवढं गोल भोक, बाहेर बघायला तोंडाची वाफ देऊन पाडतात तसं.

कडा अजून ओल्या होत्या.