जिवाणी त्याच विहिरीत

खोटं वाटेल. पण त्या संध्याकाळी दोर माझ्याही हातात होता.

साल १९७६. थंडीचे दिवस. वाशीमजवळच्या मालेगावचं आमचं घर, मागच्या अंगणातली विहीर.

दोन महिन्यांपूर्वी त्याच घरात माझ्या थोरल्या बहिणीनं, पानाताईनं, स्वतःचा जीव दिला होता. का, ते कुणालाच कळलं नाही. कसा, ते मी सांगणार नाही. विहिरीत नाही, एवढंच.

आई रडली नाही. घर सोडायला तयार होईना. शेवटी बाबांनी वाशीमला खोली घेतली आणि तिला जबरदस्तीनं तिकडे नेलं.

आम्ही जैन. पाणी फडक्यातून गाळून पितो. फडक्यात अडकलेले बारीक जीव, म्हणजे जिवाणी. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती अलगद परत सोडायची. मालेगावला हे काम पानाताईचं असे.

वाशीमला पहिल्याच दुपारी आईनं नळाचं पाणी गाळलं. फडकं उलटलं...

हिरव्या काचेचा तुकडा. पानाताईच्या बांगडीचा.

मी मागे सरकले. आई मात्र शांत.

"हे आपल्या इहिरीचं हाय. तिथंच सोडा लागते."

बाबा दुकानात होते. आई ऐकेना. मालेगावच्या एस.टी.त मी तिच्यासोबत बसले.

दिवस मावळता मावळता आईनं ती काच बादलीत ठेवून बादली विहिरीत सोडली. मी मागून दोर धरला.

बादली पाण्याला टेकल्याचा आवाज आलाच नाही...

मग दोर ओढला गेला.

खालून.

लहान मूल पदर ओढतं, तसा हळूच.

आई वाकली. "पाना, काहून गेली व माय? मले सांगतलं असतं..."

बादली वर आली ती काठोकाठ भरून. आई कितीतरी दिवसांनी हसली.

"पाह्य, पाणी देल्लं तिनं. आता हे गाळा लागन. मंग जिवाणी सोडा लागन. मंग पुन्हा..."

तिनं तिथंच पाणी गाळलं. फडक्यात पुन्हा हिरवी काच.

आई आता इथून सुटत नाही, हे मला कळलं. तिनं बादली परत सोडली. दोर परत ताणला. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "ताई, आईले सोड व! मले पाह्यजे ती!"

दोर सैल पडला.

विहीर गप्प झाली. त्या दिवसानंतर दोर कधी ओढला गेला नाही, फडक्यात काच आली नाही.

मी म्हटलं, आता तरी चल. पण आईची मूठ दोरावरून सुटेना.

बाबांनी वाशीमची खोली सोडली. पुढे माझं लग्न झालं. आईला दरवर्षी न्यायला जायचे. दरवर्षी ती विहिरीपाशीच बसलेली असायची.

"आई, ताई आता येत नाही व."

"मले मालूम हाय," ती म्हणायची. "पन आली, अन् मी नसली तं?"