कमानीची पट्टी

भुरीबाई अंगणात आली आणि मटकन खालीच बसली.

"तुळसाबाई, माह्या घरवाल्याले कोंडलं! चुन्याच्या कोठीत. कालपासून आत हाये."

तुळसाबाई राखेनं मोठी कढई घासत होती. तिचा हात थांबला. "सोमलाले? काहून?"

"नाल्यावरची कमान पडली. सेवादास गवंड्याचा पाय दगडाखाली चेंदला. रामराव ठेकेदार म्हन्ते, सोमलाचा चुना खोटा होता. सांजेले फौजदार येऊन राह्यला. बाई, आमी तांड्यातले लोक. आमचं कोन आयकते?"

तुळसाबाईचा भाऊ पुंजाजी तिथंच बैलगाडीला वंगण घालत होता. शिरपूर जैनच्या पंचक्रोशीत तुळसाबाई पंगतीची आचारीण म्हणून प्रसिद्ध होती. पाचशे पानांचा स्वयंपाक ती एकटीच्या हुकुमावर उठवायची. पंगतीत कोणाचं भांडं कोणाच्या घरी गेलं, तूप कोणी लपवलं, हे शोधता शोधता तिची नजर अशी तयार झाली की लोक चोरी-लबाडीच्या कामालाही तिलाच बोलावू लागले. पुंजाजी तिच्या कढया वाहायचा. डोकं आपलं नाही, बैलं आपली, असं तो स्वतःच हसून सांगायचा.

"पुंजा, गाडी जुप," तुळसाबाई म्हणाली. "भुरे, पान्याची घागर घे."

१९३५ सालचा मार्च महिना संपत आला होता. नाल्याच्या काठावर ऊन नुसतं भाजत होतं. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर या पुलाचं काम चाललं होतं. आता मधोमध दगडांचा ढीग होता आणि त्यातून कमानीला खालून टेकू देणाऱ्या साच्याची मोडकी लाकडं वर आली होती.

नाल्याच्या पलीकडे, बाभळींच्या आड, सोमलाची चुन्याची घाणी होती. तिच्याजवळच ती कोठी. दार बुटकं, खिडकी नाही, वाऱ्याला फक्त वीतभर झरोका. पुंजाजीनं झरोक्याला तोंड लावलं आणि चुन्याची धूळ नाकात जाऊन त्याला ठसका लागला. आत माणूस कालपासून हीच हवा घेत होता, हे आठवून तो चटकन बाजूला सरला.

भुरीबाईनं झरोक्यातून तांब्या आत दिला. सोमला पाणी प्यायला, मग म्हणाला, "माह्या चुन्यात खोट नाही, अक्का. वीस वर्षं घानी फिरवून राह्यलो. पंधरा दिवस भिजवल्याबिगर चुना घानीत टाकत नाही. बैलं रोज फिरतात. एक अवस सोडून. अवसेले मी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही, माह्या बापानंही ठेवलं नाही."

"तुह्या चुन्यातून कमान कव्हा बांधली?"

"मले का मालूम? बाया टोपल्यात नेतात. भितीले लावतात का कमानीले, मले इथून दिसत नाही."

पुंजाजीनं मागे पाहिलं. बाभळींमुळे पूल खरंच दिसत नव्हता.

तुळसाबाईनं पुलाच्या ढिगातून चुन्याचं एक ढेकूळ उचललं. बोटानं दाबलं. वरचं कवच फुटलं, आतला चुना ओलसर आणि मऊ होता. मग ती पुलाच्या बाजूच्या भिंतीकडे गेली. तिथल्या सांध्यावर तिनं कमरेला खोचलेल्या उलथण्याचं टोक ओढलं. नुसता ओरखडा उमटला.

"भित पक्की हाये, कमान कच्ची," पुंजाजी म्हणाला. "म्हंजे कमानीचाच चुना खोटा!"

"नाही तं दोन्ही भाकरी एकाच पिठाच्या, पर एक तव्यावर कमी राह्यली," तुळसाबाई म्हणाली.

पुंजाजीला यातलं काही उमगलं नाही.

पुलाच्या कामावरचा ओव्हरसीयर जगदेव हा नागपूरला शिकलेला तरुण. त्याच्या झोपडीत भिंतीवर मोठा ताव लावला होता. डावीकडे कामांची नावं, वर तारखा, आणि मधे रंगीत कागदाच्या आडव्या पट्ट्या. कालपासून तो जेवला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"साहेब, हे काय हाये? मले समजावून सांगा," तुळसाबाई म्हणाली.

"हा कामाचा आराखडा. प्रत्येक कामाची एक पट्टी. पट्टी जिथे सुरू होते त्या दिवशी काम सुरू, संपते त्या दिवशी पूर्ण. काही कामं एकाच वेळी चालतात. काही मात्र आधीचं काम संपल्याशिवाय सुरूच होत नाहीत."

"म्हंजे वरन अन् भात दोन चुलीवर संगंच; पर पाक झाल्याबिगर बुंदी टाकता येत नाही."

जगदेवच्या डोळ्यांत कालपासून पहिल्यांदा थोडी चमक आली. "अगदी तसंच! आणि ही पाहा, कमानीची हिरवी पट्टी. पाच तारखेला संपते, म्हणजे त्या दिवशी कमान जुळली. पुढचे एकवीस दिवस तिच्यावर पाणी मारायचं, चुना पक्का होऊ द्यायचा. सव्वीस तारखेला साचा काढायचा. काल सव्वीस होती. मीच हुकूम दिला. आराखडा अचूक होता, बाई. चुनाच फसवा निघाला असणार."

"कमान जुळताना तुमी इथंच होता?"

"नाही. शिवरात्रीला, तीन तारखेला, मला ताप भरला. अकोल्याला गेलो, पंधराला परतलो. तोवर या झोपडीची किल्ली बापूराव मिस्त्रींकडे होती. झालेल्या कामाची पट्टी तेच लावत. मी शिकवलं होतं त्यांना."

रामराव ठेकेदार दारातच उभा होता. डोक्याचा फेटा सोडून वारा घेत होता. "मले त्या पट्ट्यातलं काही समजत नाही," तो म्हणाला. "मले एवढं समजते का कमान पडली अन् चुना सोमलाचा होता. पळून गेला असता म्हनून कोंडला."

"पळाला तं नव्हता ना?"

"पळायच्या आधीच कोंडला!"

"वा! तिखट लागाच्या आधीच पानी पेलं तुमी," तुळसाबाई म्हणाली. रामरावनं फेटा पुन्हा डोक्याला गुंडाळला.

बापूराव मिस्त्री तुटलेल्या साच्यापाशी बसला होता. तुळसाबाईला पाहून तो उठला, अगदी अदबीनं.

"या अक्का! मेडशीच्या लग्नातली तुमची बुंदी अजून जिभेवर हाये. तीन दिवस आमच्या साऱ्या गवंड्यानं बोटं चाटली."

"मांडवात दिसले होते खरं तुमी. इतक्या मानसात नीट पाह्यलं नाही. मिस्त्री, मले एक सांगा. भिजवलेलं पीठ दुसऱ्या दिवशी आंबते. चुन्याचं कसं?"

"माह्या हाताले शिळा चुना चालत नाही!" बापूरावनं छाती पुढे काढली. "कमानीची चावी बसवली त्या दिवशीच सकाळी दळलेला चुना होता. दुपारी चावीचा दगड बसवला, मधला शेवटचा, अन् कमान जुळली. आता चुना मुळातच खोटा असल तं मिस्त्री काय करल?"

"सेवादास कसा हाये?"

बापूरावची मान खाली गेली. "पाय जाईन म्हन्तात."

शेवटी तुळसाबाई रंगूबाईजवळ गेली. रंगूबाई पुलावर पाणी मारणारी. तिला आतापर्यंत कोणी काहीच विचारलं नव्हतं.

"मी का सांगू, बाई? मले तारीख समजत नाही. दिवसभर भितीवर पानी, मंग कमानीवर."

"कमानीवर पयलं पानी टाकलं थो दिवस आठवते?"

"आठवते ना. मिस्त्रीनं दुपारी चावी बसवली अन् सांजेले पानी टाक म्हने. मले धाक पडला, अंधारात नाल्यात उतरू कशी? पर चांदनं चांगलं पडलं होतं. गोटानगोटा दिसे."

तुळसाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती तडक वळली. "पुंजा, साऱ्याइले कोठीपाशी बोलाव. फौजदार याच्या आधी."

दिवस कलला होता. कोठीच्या बंद दारासमोर सगळे जमले. आतून सोमलाच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"जगदेव साहेब," तुळसाबाई म्हणाली, "तुमचा कागद म्हन्ते, कमान पाच तारखेले जुळली. तीन तारखेले शिवरात्र होती. मंग पाचले काय होतं?"

जगदेव गोंधळला. पुंजाजीनं मात्र बोटं मोजली. तीनला शिवरात्र, चारला चौदस... "अक्का, पाचले अवस!"

"अवस. अवसेले सोमलाची घानी फिरत नाही. मंग मिस्त्री, तुमचा त्याच दिवशी सकाळी दळलेला चुना आला कुठून?"

बापूरावनं ओठांवरून जीभ फिरवली. "आदल्या दिवशीचा असल. इतके दिवस झाले, कोनाले आठवते?"

"बरं, आदल्या दिवशीचा. पर कमान जुळली त्याच सांजेले रंगूबाईनं चांदन्यात पानी टाकलं. अवसेच्या सांजेले चांदनं कुठून आलं? चुन्याचं विसरान तुमी, पर आभाळ विसरत नाही."

रंगूबाई तोंडाला पदर लावून पाहत राहिली. आपल्या बोलण्यात इतकं काही होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

"मंग कमान खरी जुळली कव्हा?" पुंजाजीनं विचारलं.

"मेडशीचं लग्न कोन्त्या तारखेचं होतं?"

"दहाचं. अकरा, बारा जेवनावळी चालल्या. मीच कढया वाह्यल्या."

"अन् मिस्त्री साऱ्या गवंड्याइले घेऊन तीन दिवस तिथं जेवले. आपल्या तोंडानं सांगतलं, माह्या बुंदीची तारीफ कराले. म्हंजे इथं कमान अर्धी सोडून तिथं दुसरं काम चाललं होतं. साहेब नाहीत, किल्ली आपल्यापाशी. मंग साहेब येनार म्हनून घाईनं परतले, तेरा-चौदाले चावी बसवली, तव्हा अष्टमी-नवमीचं चांदनं होतंच. अन् पट्टी लावली पाच तारखेवर. कमानीले एकवीस दिवस पाह्यजे होते, भेटले बारा. सोमलाचा चुना खरा होता. भितीत तोच चुना लोखंड झाला. त्याले फक्त वेळ भेटला नाही."

जगदेव मटकन दगडावर बसला. "मी कागद पाहिला. कमान पाहिली नाही."

"तुमी कागदावर विश्वास ठेवला. ज्याइले दिवस ठाऊक होता त्याइले कागद वाचता येत नाही, अन् ज्याले कागद वाचता येते त्यानं त्याइले इचारलं नाही."

सगळे बापूरावकडे पाहू लागले. तो जणू आतूनच ढासळला.

"मेडशीले लग्नघरच्या मालकाचा ओटा बांधाचा होता. आठ दिवसाचंच काम. मले वाटलं, बारा दिवसात कमान धरल. काल साहेबानं साचा काढा म्हनलं. मी म्हनलं, दोन-चार दिवस थांबू. साहेबानं पट्टी दाखवली. माहीच पट्टी. आता काय सांगू? खरं सांगतलं तं मी सापडतो, अन् नाही सांगतलं तं..." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "सेवादासले मीच म्हनलं, जाय, साच्याची पाचर काढ."

दूर वाटेवर फौजदाराच्या घोड्याची धूळ दिसू लागली होती.

रामरावनं घाईघाईनं किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. दार करकरलं. "ये रे सोमला, सुटला तू. बाहेर ये."

सोमला आला नाही.

"अरे, आयकलं नाही का? चुना खरा होता तुहा!"

"आयकलं," आतून आवाज आला. "तुळसाबाई बोलल्या. तुमी कुठं बोलले? काल साऱ्या शिरपुरात तुमी सांगतलं, सोमलाचा चुना खोटा. आता मले कोन काम देईन? तुमी म्हना, मंग मी येतो."

"म्हनलं ना आता!"

"दारातून नका म्हनू. आत या. पाहा इथं मानूस कसा राह्यते. मंग बाहेर जाऊन साऱ्याइच्या समोर म्हना."

रामरावनं तुळसाबाईकडे पाहिलं. ती दारापासून बाजूला सरकली. भुरीबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. फौजदार जवळ येत होता.

ठेकेदारानं फेटा काढून पुंजाजीच्या हातात दिला, कमरेत वाकला, आणि त्या बुटक्या दारातून आत शिरला.