धडा अकरावा

दुकानावर ‘व्हिडिओ दुरुस्ती’ अशी ठसठशीत पाटी होती, तरी गल्लीत सगळे मालकाला खटपट्याच म्हणत. हे नाव शाळेत भूगोलाच्या बाईंनी ठेवलं होतं. आज भर दुपारी त्याच बाई पेनड्राइव्ह मुठीत घेऊन दारात उभ्या होत्या.

“काय रे, वस्तू उघडून बघायची खोड गेली की नाही?”

“तिच्यावरच तर पोट चाललंय, बाई. बसा.”

पेनड्राइव्हवर एकच फाइल होती. बाईंची थोरली बहीण इंटरनेटवर शिवणकाम शिकवायची. गेल्या वर्षी ती गेली आणि मागोमाग ती वेबसाइटही बंद पडली. त्याआधी भाचीने घाईघाईत एवढा एकच धडा उतरवून घेतला होता.

“बाकीच्या धड्यांत नुसते हात आहेत,” बाई म्हणाल्या. “अकराव्यात शेवटी ती तोंड दाखवते. पण टीव्ही म्हणतो, चालत नाही. कॉम्प्युटरवर नुसता आवाज, चित्र काळंकुट्ट. आणि मला थांबायला वेळ नाही रे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणालेत, फार तर सहा महिने दिसेल. तेवढ्यात ताईला एकदा बघायचंय.”

“सहा महिने कशाला? संध्याकाळी ताई तुमच्या टीव्हीवर.”

ही बढाई नव्हती. वीस वर्षांत त्याने एकही फाइल ‘होत नाही’ म्हणून परत केली नव्हती.

भाचीने फाइलच्या नावाची शेपटी बदलून ‘एमपीफोर’ करून ठेवली होती. ते पाहून तो खो खो हसला. “बाई, डब्यावर साखर लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होतं का? नाव म्हणजे नुसता डबा. आतलं चित्र ज्या पद्धतीने बांधलंय, तो कोडेक. ती पद्धत ठाऊक असेल त्यालाच ते सोडवता येतं.”

त्याने फाइलची माहिती उघडली. आवाजाचा कोडेक रोजच्या ओळखीचा होता. चित्राच्या कोडेकचा रकाना मात्र कोरा होता. ‘अज्ञात’ असंही तिथे लिहिलेलं नव्हतं.

त्याने तीन प्लेअर लावून पाहिले. कोडेकचा अख्खा गठ्ठा चढवला. “कापड आधी धुऊन, वाळवून घ्या,” ताईंचा आवाज स्वच्छ येत होता. पडदा काळाच.

“इथून मला काही दिसत नाही बाबा,” म्हणत बाईंनी स्टूल ओढलं आणि त्या पडद्यासमोर येऊन बसल्या.

चित्र आलं. चौकटी चौकटी पडलेलं, मळकट. पण हात दिसत होते, कात्री दिसत होती.

“बघा! शेवटचा कोडेक लागू पडला!”

बाई पाणी प्यायला उठल्या. पडदा काळा. परत येऊन बसल्या, तर हात पुन्हा दिसायला लागले. खटपट्याने वायर काढून घट्ट बसवली. मग “बाई, जरा दार लोटता?” म्हणून त्यांना मुद्दाम उठवलं. काळा.

“वायर सैल आहे,” तो म्हणाला. वायर तपासून झाल्यावर वायरलाच दोष देण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. “तुम्ही आपल्या इथेच बसून राहा. साध्या पद्धतीत नवी प्रत बांधतो, म्हणजे कुठेही चालेल.”

काम सुरू झालं. कोपऱ्यातल्या चौकटीत तयार होणारं चित्र दिसत होतं. दहा टक्के. वीस. नक्कल अस्सलापेक्षा चांगली होत नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. इथे मात्र चित्र दर टक्क्याला उजळत होतं. चौकटी विरल्या. कापडाची वीण दिसू लागली. मग विणीतले धागे मोजता यावेत इतकं स्पष्ट झालं.

“जरा उजेड वाढव रे.”

त्याने वाढवला.

चाळीस टक्क्यांवर बाई पुन्हा तेच म्हणाल्या. सत्तरला पडद्याचा उजेड वाढवायला जागाच उरली नाही. त्याचेच डोळे चुरचुरू लागले. बाई मात्र नाक पडद्याला टेकेल इतक्या पुढे वाकल्या होत्या.

“दमलात का? थांबवू?”

“खबरदार थांबवलंस तर. आता ती वर बघेल.”

नव्वद. हनुवटी आली. मग ओठ. मग जाड चष्म्यामागचे मिचमिचे डोळे.

“ताई,” बाई म्हणाल्या. “अगं, गालावरचा तीळसुद्धा दिसतोय.”

शंभर.

“झालं!” खटपट्याने टाळी वाजवली. “आता टीव्हीवर लावा, मोबाइलवर लावा, कुठेही चालेल.” खात्रीसाठी त्याने नवी प्रत शेवटाकडे सरकवून लावली. चित्र आरशासारखं लख्ख होतं.

बाई मागे सरकून बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “खिडकी का लावलीस?”

खिडकी सताड उघडी होती. ऊन बाईंच्या मांडीवर पडलं होतं.

त्याने बाईंच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला.

“आहेस ना रे तिथे?” बाईंचा हात टेबलावर चाचपडत होता.

पडद्यावर ताईंनी चष्मा काढला. घडी करून बाजूला ठेवला. सुई उचलली, हातभर लांब धरली आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला.