वेगाची चुगली

"माझा चित्रपट गेला, आणि चोर याच खोलीत आहे," नेवेना द्रागोएवा म्हणाली.

खोलीत तिचे दोनच सहकारी होते: संकलक तिहोमिर आणि संगणक सांभाळणारा आसेन. कोणी कोणाकडे बघत नव्हते. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरातल्या या छोट्या स्टुडिओत खासगी गुप्तहेर झोर्नित्सा वेल्चेवाला नेवेनानेच बोलावले होते. झोर्नित्साचा जोडीदार मेतोदी, निवृत्त पोलीस, दाराशी उभा राहिला.

"धरणाखाली गेलेल्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती होत्या," नेवेना म्हणाली. " त्यातले दोघं आता नाहीत. पुन्हा कोणाला विचारू?"

"दुसरी प्रत?" झोर्नित्साने विचारले.

"ती डिस्क वसंतात बंद पडली. नवी घ्यायची राहिली."

शनिवारी रात्री वीज गेली होती. रविवारी तिहोमिरने संगणक लावला, तर सगळे रिकामे.

झोर्नित्सा आसेनकडे वळली. तो बानित्सा, चीज भरलेली पेस्ट्री, खात होता.

"चार एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, जोडून मी एक केल्यात," तो म्हणाला. "प्रत्येक फाइलचे तुकडे चौघींवर वाटले जातात, म्हणून वेग. पण जोडणारं कार्ड जुनं. तुम्ही फाइल पुसलीत, तरी जागा मोकळी झाली हे ते डिस्कना कळवतच नाही. त्या जुना कचरा धरून बसतात आणि नवीन लिहिताना धापा टाकतात. थोडी जागा कायम मोकळी ठेवा, सांगून सांगून घसा बसला माझा!"

"फॉरमॅट केलं तर?"

"नुसती अनुक्रमणिका फाडल्यासारखं. पानं भरलेलीच राहतात."

"याला सगळं ठाऊक," नेवेना म्हणाली. "म्हणूनच कालपासून हात लावू दिला नाही."

"लावू दिला असता, तर तुम्ही इतका वेळ चोर शोधत बसला नसतात, बाई," आसेन म्हणाला.

तिहोमिर संगणकाकडे वळला. "विजेच्या झटक्यात साठा कोसळला. त्याच चार डिस्क मी फॉरमॅट केल्या. आता बघा, उडतंय!" त्याने एक प्रचंड फाइल डिस्कवर उतरवून दाखवली. मेतोदीने हातातला कॉफीचा कप ओठाला लावायच्या आत काम झाले.

"पूर्वी यात कॉफी गार व्हायची," नेवेना कडवटपणे म्हणाली. "आता वेग काय चाटायचाय? शेवटचं संकलन सोफिया शहरातल्या एका संकलकाकडे देणार होते. आता काय देऊ?"

मेतोदी झोर्नित्साच्या कानाशी लागला. "आसेनच. डिस्क काढणं आपल्यासारख्याचं काम नाही."

"डिस्कची पेटी बघ. सगळीकडे धूळ, फक्त चार कप्प्यांच्या मुठी स्वच्छ. नुसतं ओढायचं असतं, मेतोदी. तुलाही जमेल."

मग ती मोठ्याने म्हणाली, "झटक्यानं साठा कोसळेल, पण थकलेल्या डिस्क तरण्या होत नाहीत. फॉरमॅटनंही नाही, या कार्डामुळे त्यांना ते कळतच नाही. मग वेग कुठून आला? डिस्क नव्या आहेत म्हणून. आसेनला हे पाठ आहे. त्यानं अदलाबदल केली असती, तर कार्डाची ही खोड मला सांगितलीच नसती; 'त्याच डिस्क' म्हणून वेग मिरवला तो तिहोमिरनं. आसेन, डिस्क किती वापरल्यात ते बघ."

आसेनने कळा दाबल्या. "पुरता एक दिवससुद्धा नाही."

तिहोमिरचा चेहरा उतरला. "दोन वर्षं ते संकलन मी केलं," तो पुटपुटला. "नाव मात्र सोफियावाल्याचं लागणार होतं."

"म्हणूनच तू ते फेकलं नसणार. आणि चारातली एक हरवली तर चौघी वाया, म्हणून एकत्रच ठेवल्या असशील," झोर्नित्सा म्हणाली. तिहोमिरची नजर खुर्चीखालच्या पिशवीकडे गेली.

आसेनने पिशवीतल्या जुन्या डिस्क आपापल्या कप्प्यांत सरकवल्या आणि एक फाइल उतरवायला लावली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. मेतोदीची कॉफी गार झाली.

नेवेना त्या पट्टीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"माझ्याच आहेत," ती म्हणाली.