दुसऱ्या खेळाडूची तार

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझी हरकत नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. "आता स्पष्ट दिसतंय का?" असं दिवसभर लोकांना विचारणं हाच माझा धंदा. नसलेलं दिसलं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे.

आणि काळोखी रात्र, सोसाट्याचा वारा असलंही काही नव्हतं. रविवारची दुपार होती. बाहेर कपडे वाळत होते आणि शेजारी कोणीतरी ड्रिल मशीनने भिंतीचा जीव घेत होतं.

घडलं ते माझ्या दादाच्या मागच्या खोलीत. मी तिथे होते.

दादा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, हा मेणात एकेक दात बसवतो. केसभर इकडेतिकडे झालं तरी कवळी तोंडात टोचते. म्हणून दोन्ही हात दगडासारखे स्थिर लागतात, आणि त्याचे होते.

रविवारी त्याच हातांना दुसरा उद्योग असायचा. जुने कॉम्प्युटर. टीव्हीला जोडायचे आणि कॅसेट लावून गेम भरायचे, ते. आता ते मिळत नाहीत, म्हणून दादा आणि मास्तर मिळून ते नव्याने घडवायचे. मास्तर म्हणजे दादाचे मित्र, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. वहिनी म्हणायची, "सवत परवडली असती. तिला निदान रोज पुसावं लागलं नसतं."

एका आजींनी त्यांना आपल्या भावाचं मशीन दिलं. भाऊ वारले होते. मशीन कधीच बंद पडलेलं, पण आतल्या बोर्डाची नक्कल करण्याजोगं. सोबत एक कॅसेटही होती.

मशीन उघडलं तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली.

दुसऱ्या खेळाडूची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, जोडायचं सॉकेट कुणीतरी खिडक्यांच्या काचांना लावतात ती लांबी भरून बुजवलं होतं. दगडासारखं घट्ट. आणि बोर्डाच्या उलट्या बाजूला हाताने सोल्डर केलेली एक लाल तार. मूळ कारखान्याची नव्हे.

मास्तरांनी भिंगातून बघितलं.

"दुसऱ्या खेळाडूची लाइन अर्थिंगला बांधून टाकलीये," ते म्हणाले. "म्हणजे त्याने काहीही केलं तरी मशीनला कळू नये."

"कुणीतरी दुरुस्तीत घोळ घातलाय," दादा म्हणाला. "आपण नवीन करतोय ना, मग घोळाची नक्कल कशाला?"

"जसं होतं तसंच करायचं, असं ठरलंय आपलं. कारण माहीत नसताना काही गाळायचं नाही."

"मास्तर, गेम दोघांचा आहे. एकट्याने काय खेळू?"

दादापुढे मास्तरांचं कधी चाललं नाही. नव्या बोर्डात ती तार गाळली.

मशीन तयार झालं त्या रविवारी मी मुद्दाम गेले. जुन्या डबा टीव्हीवर गेम उघडला. एक खोल विहीर. एक शिडी. तळाशी पेटलेले दिवे. पांढरा माणूस पहिल्या खेळाडूचा, करडा दुसऱ्याचा. उजव्या हाताने दांडी हलवायची, डाव्या अंगठ्याने बटण दाबायचं. दाबलं की माणूस दिवा उचलतो आणि टीव्हीतून आवाज येतो... टुक.

दांडी एकच बनवून झाली होती. दुसरं सॉकेट रिकामं होतं. करडा माणूस विहिरीच्या तळाशी नुसता उभा.

दादा खेळत होता. आम्ही चहा पीत होतो.

आणि मग...

करड्या माणसाने तोंड फिरवलं.

"लाइन उघडी आहे," मास्तर म्हणाले. "शेजारच्या ड्रिलचा परिणाम. हवेतलं काहीबाही पकडते."

शेजारचं ड्रिल थांबलं. एकदम शांत झालं.

करडा माणूस शिडी चढायला लागला.

टुक.

"बघ, पार्टनर मिळाला," दादा हसून म्हणाला. मीही हसले. मास्तर मात्र कप खाली ठेवून त्या रिकाम्या सॉकेटकडे बघत बसले.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला.

"तुझा भाऊ जेवताना ताट वाजवतोय."

"म्हणजे?"

"डावा अंगठा. सारखा खालीवर. सांगितलं की थांबवतो, पुन्हा सुरू. झोपेतसुद्धा. माझा डोळ्याला डोळा लागत नाहीये."

मी म्हटलं, कामाचा ताण असेल. पण वहिनी उगाच बोभाटा करणारी बाई नाही. नंतर कळलं, एका डॉक्टरांनी दादाच्या कवळ्या परत पाठवल्या होत्या. दात वाकडे बसले होते. असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं. तो वहिनीला म्हणाला होता, "हात गेला तर मी खाणार काय, आणि तुला घालणार काय?"

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. दादाने दांडी टेबलावर ठेवली होती, उजव्या हातात चहाचा कप होता. गेम चालू. पांढरा माणूस स्तब्ध.

करडा मात्र चढत होता, उतरत होता. टुक. टुक.

माझं लक्ष दादाच्या गुडघ्याकडे गेलं. तिथे त्याचा डावा हात होता. अंगठा हवेत काहीतरी दाबत होता...

टुक.

दाबला की टुक. दाबला की टुक.

"दादा, तो अंगठा थांबव."

"मी दाबत नाहीये गं," तो म्हणाला.

अगदी साध्या आवाजात. मी त्याचा अंगठा मुठीत पकडला, होता नव्हता तेवढा जोर लावून. लहानपणी पंजा लढवताना मी त्याच्याशी नेहमी हरायचे, त्यामुळे त्याच्या हाताची ताकद मला माहीत आहे.

ही ताकद त्याची नव्हती. अंगठा माझी मूठ उघडत होता.

मास्तरांनी वायर उपटली. टीव्ही काळा झाला. मशीन बंद.

माझ्या मुठीत अंगठा चालूच होता.

त्या संध्याकाळी मी आजींचं घर गाठलं. बसा वगैरे काही नाही, दारातच त्यांनी विचारलं, "लाल तार ठेवलीत ना तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. आजी खुर्चीत बसल्या.

"ती तार मी धरली होती," त्या म्हणाल्या. "सोल्डर करायला दोन हात लागतात ना. एका हातात सोल्डरची तापलेली खीळ, दुसऱ्यात कथील. माझ्या भावाचा डावा हात तेव्हा त्याच्या ताब्यात नव्हता. मग मी धरायची आणि त्याने डाग द्यायचा, असं केलं."

"आणि मग हात थांबला?"

"थांबला," त्या म्हणाल्या.

मला तेवढंच हवं होतं. मी निघाले. त्या मागून काहीतरी सांगत होत्या, पण माझा पाय घरात ठरेना.

दादाकडे पोचले तर वहिनीने त्याचा हात उशीखाली दाबून धरला होता. मास्तरांनी बोर्ड उलटा धरला. सोल्डर मी केलं. चष्म्याचे बारीक स्क्रू बसवून माझा हात बसलाय, पण हे काम वेगळं. लाल तार चिकटली एकदाची, वर कथलाचा राखाडी, ओबडधोबड गोळा.

"हे सोल्डर आहे की चघळलेलं च्युइंगम?" दादा म्हणाला. एवढ्यातही त्याला थट्टा सुचली.

मास्तरांनी मशीन चालू करून गेम भरला.

करडा माणूस शिडीच्या मधोमध होता. तो थांबला... आणि तळाशी जाऊन उभा राहिला.

वहिनीने उशी बाजूला केली. अंगठा शांत होता. ती रडायला लागली, मी तिला जवळ घेतलं. मास्तर घाम पुसत होते.

दादा आपल्या डाव्या हाताकडे बघत होता.

"उचलता येत नाहीये," तो म्हणाला.

तेव्हा मला आजींच्या हॉलमधला त्यांच्या भावाचा फोटो आठवला. म्हातारपणीचा. डावा हात खिशात होता.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. नसा ठीक, मेंदू ठीक. हात मात्र मेल्यासारखा. कवळ्यांची कामं बंद झाली. दादा दिवसदिवस खिडकीत बसायचा आणि मी गेले की एकच बोलायचा.

"तार काढून बघू ना. एकदाच. मला माझा हात हवाय."

मी नाही म्हणायचे. हात परत येईल हे मलाही कळत होतं. पण त्यात कोण येईल?

मास्तरांनी येणं सोडलं. मशीन मी तिथल्याच कपाटात ठेवलं.

परवाची गोष्ट. वहिनी चार दिवस माहेरी गेलीये, म्हणून मी दुपारी दादाचा डबा घेऊन गेले. तो मागच्या खोलीत, खुर्चीत डोळे मिटून बसला होता. डावा हात मांडीवर, नेहमीसारखा.

खोलीत राळेचा जळका वास होता... सोल्डर केल्यावर येतो तो.

टेबलावर एक कवळी होती. मेणातली, ताजी. मी उजेडात धरून बघितली. एकही दात इकडचा तिकडे नव्हता. इतकी सफाई दादाच्याही हातात कधी नव्हती.

शेजारी मशीन. मी ते उलटं केलं आणि झाकण काढलं.

लाल तार जागेवर होती. पण माझा तो ओबडधोबड गोळा नव्हता. तिथे कथलाचा चकचकीत, गोल थेंब होता.

तार एका हाताने काढता येते. खीळ टेकवली की सुटते. लावायला मात्र दोन हात लागतात. घरात दादाशिवाय कोणी नव्हतं. म्हणजे त्याचा डावा हात चालला होता, आणि त्यात जो आला होता त्याने परतीची वाट स्वतःच बंद केली होती.

मी त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. अंगठ्याच्या टोकाला भाजल्याचा फोड होता. अजून ओला.

"दादा," मी हळूच हाक मारली.

त्याने डोळे उघडले नाहीत. उजवा हात सरकवला आणि त्या डाव्या हातावर झाकून ठेवला. लहान मुलाला पांघरूण घालावं तसा.

मी डबा ठेवून निघून आले. त्या आजींना फोन लावतेय, कोणी उचलत नाही. उद्या वहिनी परत येईल. दादाची कामं पुन्हा सुरू झाली म्हणून ती आनंदाने नाचेल.

तिला काय सांगू, ते मला अजून कळत नाहीये.